बाक निन्ह ते लाक हुयेन : परकीय भांडवलाची वाट

हनोईच्या नोई बाय विमानतळावरून बाहेर पडून पूर्वेकडचा हमरस्ता धरला, की तांबड्या नदीच्या खोऱ्यातली सपाट भातशेती सुरू होते. हिरव्या खाचरांच्या मधोमध पूर्वजांची थडगी, कडेकडेने केळी, आणि मग अचानक त्याच शेतांना लागून कारखान्यांची लांबच लांब छपरं. रस्त्याकडेच्या पाट्यांवर व्हिएतनामी अक्षरांच्या जोडीला कोरियन अक्षरं दिसू लागली, की समजावं, बाक निन्ह आलं. हा प्रांत मुळात ८२२ चौरस किलोमीटरचा होता, पुणे जिल्ह्यात असे एकोणीस प्रांत मावतील एवढा. २०२५च्या जुलैत त्याला शेजारचा बाक ज्यांग जोडला गेला, तोवर तो देशातला सर्वांत लहान प्रांत होता. क्वान हो या जुगलबंदीच्या लोकगीतांसाठी व्हिएतनाममध्ये तो फार पूर्वीपासून ओळखला जातो. सॅमसंगला इथल्या येन फाँगमध्ये कारखान्याचा परवाना २००८ साली मिळाला, सुरुवातीची गुंतवणूक ६७ कोटी डॉलरची होती, आणि २००९ साली पहिले फोन बाहेर पडले. आज या कंपनीची व्हिएतनाममधली एकूण गुंतवणूक २२ अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि देशाच्या निर्यातीतला साधारण सातवा हिस्सा तिच्या एकटीच्या कारखान्यांतून जातो. हे इथेच का घडलं, याचं उत्तर येन फाँगपासून समुद्रापर्यंतच्या रस्त्यावर शोधावं लागतं. प्रवास जेमतेम एका दिवसाचा आहे, पण परकीय भांडवल कशाला भुलतं याबद्दलच्या बऱ्याच ठाम समजुती त्यात तपासून घेता येतात.

सर्वांत पक्की समजूत मजुरीबद्दलची आहे. मजूर स्वस्त आणि कर माफ, म्हणून कंपन्या आल्या, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात तथ्य आहेच, पण ते पुरत नाही. जुलै २०२४मध्ये व्हिएतनामच्या मोठ्या शहरांच्या पट्ट्यात किमान वेतन महिना ४९,६०,००० डोंग झालं, म्हणजे डॉलरमध्ये दोनशेच्या जरासं अलीकडे. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांतलं किमान वेतन डिसेंबर २०२३पासून १२,५०० टाका आहे, म्हणजे त्याहून कितीतरी कमी. तरीही २०२३ साली बांगलादेशात आलेली परकीय गुंतवणूक तीन अब्ज डॉलरच्या आसपास राहिली आणि व्हिएतनाममध्ये प्रत्यक्ष उतरलेली रक्कम २३ अब्जांच्या वर गेली. करसवलतीचंही तसंच आहे. उच्च तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांना व्हिएतनाम पहिली चार वर्षं कर माफ करतो, पुढची नऊ वर्षं निम्मा घेतो, आणि नेहमीच्या २० टक्क्यांऐवजी १० टक्क्यांचा दर पंधरा वर्षं लावतो. पण कंबोडियाही सवलती देतो, लाओसही देतो. सवलत सगळेच देत असतील, तर तिच्यामुळे निवड होत नाही. भाडं कमी आहे एवढ्यावर कुणी घर घेत नाही. पाणी किती वाजता येतं आणि मालक मध्येच घर खाली करायला सांगेल का, हे आधी विचारलं जातं. पंधरा-वीस वर्षांसाठी यंत्रं रोवणारी कंपनीही हेच विचारत असते. पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज जिथे बांधता येतो, तिथे भांडवल जातं. मजुरी आणि कर हे त्या अंदाजातले दोन आकडे आहेत, तेही सर्वांत मोठे नव्हेत.

येन फाँगची जागा नकाशावर पाहिली, की अंदाज बांधणं म्हणजे काय ते नेमकं कळतं. फोन हा वजनाने हलका आणि किमतीने जड माल, तो जहाजाने पाठवण्यात अर्थ नसतो. येन फाँगहून नोई बाय विमानतळ तासाभराच्या आत गाठता येतो. उत्तरेला लांग सोनची चिनी सरहद्द आहे. कॅमेरे, पडदे, सर्किटचे भाग दक्षिण चीनमधून ट्रकने त्याच बाजूने येतात. हनोई ते बाक ज्यांग हा द्रुतगती रस्ता २०१६ साली खुला झाला, बाक ज्यांग ते लांग सोन हा ६४ किलोमीटरचा पुढचा टप्पा २०२० साली. म्हणजे कच्चा माल एका अंगाने येतो, तयार माल दुसऱ्या अंगाने उडतो, आणि मध्ये कारखाना. भूगोल निसर्गाने दिला हे मान्य, पण सरहद्द आणि विमानतळ हजारो वर्षांच्या शेजाराने आपोआप जोडले गेले नाहीत. १९७९ साली याच लांग सोनमध्ये चीन आणि व्हिएतनाम यांचं युद्ध झालं होतं. जिथून सैन्य आलं तिथूनच आज सुटे भाग येतात, हा बदल भूगोलाने घडवला नाही, राजकीय निर्णयाने घडवला. कोरियाचंही तसंच. अमेरिकेच्या बाजूने लढायला दक्षिण कोरियाने तीन लाखांहून जास्त सैनिक व्हिएतनाममध्ये पाठवले होते. १९९२च्या डिसेंबरात दोन्ही देशांनी राजनैतिक संबंध जोडले आणि आज कोरिया हा व्हिएतनाममधला सर्वांत मोठा परकीय गुंतवणूकदार आहे.

या निर्णयांची सुरुवात १९८६ची. त्या वर्षी डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’ म्हणजे नवीकरणाचं धोरण मान्य केलं, आणि वर्षभराने, डिसेंबर १९८७मध्ये, परकीय गुंतवणुकीचा कायदा आला. देश तेव्हा कमालीचा गरीब होता, महागाईने कंबरडं मोडलं होतं, अमेरिकेची व्यापारबंदी होती. तरीही त्या पहिल्याच कायद्यात परदेशी कंपनीला शंभर टक्के मालकीची मुभा होती आणि मालमत्तेचं राष्ट्रीयीकरण केलं जाणार नाही अशी हमी होती. पुढे व्यापारबंदी १९९४ साली उठली, १९९५मध्ये आसियानचं सदस्यत्व मिळालं, २००० साली अमेरिकेशी व्यापार करार झाला, २००७च्या जानेवारीत जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश, २०२०च्या ऑगस्टपासून युरोपीय संघाशी मुक्त व्यापार. पंतप्रधान बदलले, पक्षाचे सरचिटणीस बदलले, १९९७च्या आशियाई अरिष्टानंतर गुंतवणूक आटली तेव्हाही पाऊल मागे घेतलं गेलं नाही. मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती गुंतवणूक कायद्यातली एक साधी तरतूद : नवा कायदा येऊन सवलती कमी झाल्या, तरी आधी आलेल्या प्रकल्पाला त्याच्या मुदतीपर्यंत जुन्याच सवलती चालू राहतात. या एका वाक्याची किंमत भारताला चांगली ठाऊक असायला हवी. व्होडाफोनच्या करवादात जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला. तो मागे घ्यायला ऑगस्ट २०२१ उजाडला. या नऊ वर्षांत किती जणांनी भारताचा विचार सोडून दिला हे मोजता येत नाही, कारण न आलेल्या कारखान्याची नोंद कुठेच होत नाही.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरची गावं बघितल्याशिवाय मात्र येन फाँगचं चित्र अर्धंच राहतं. ज्यांची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली त्यातल्या अनेकांनी उरलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्याने दिल्या. एका ओळीत आठ-दहा दारं, दोन मजले, प्रत्येक खोली दहा-बारा चौरस मीटरची, आत एक पलंग, एक शेगडी, मागे न्हाणी. व्हरांड्याच्या तारेवर कंपनीच्या गणवेशाचे सदरे वाळत असतात आणि खाली स्कूटरींची दाटी. इथे राहणारे तरुण, त्यांत मुलींची संख्या मोठी, न्गे आन, थान्ह होआ या प्रांतांतून किंवा उत्तरेच्या डोंगराळ भागातून आलेले असतात. पाळी बदलायच्या वेळी बसगाड्यांच्या रांगा लागतात, आणि तेत म्हणजे चांद्र नववर्षाच्या आधी ही सारी वस्ती ओस पडते. व्हिएतनाममध्ये काम करणाऱ्या वयाच्या दहा बायकांतल्या जवळपास सात जणी रोजगारात आहेत किंवा तो शोधत आहेत. शाळेची पातळीही पाहावी : २०१२च्या पिसा चाचणीत, जिथे जगभरातल्या पंधरा वर्षांच्या मुलांची परीक्षा होते, व्हिएतनाम विज्ञानात ६५ देशांत आठवा आला, बऱ्याच श्रीमंत देशांच्या पुढे. खोली लहान आहे, पगार बेताचा आहे, घर दूर आहे. पण लिहिता-वाचता येणारी, सूचना वाचून यंत्र हाताळणारी मुलगी एकटी परगावी जाऊन राहू शकते, हे स्वस्त मजुरीच्या हिशेबात मांडता येणार नाही. ते गावोगावच्या सरकारी शाळांनी आणि तिला घराबाहेर जाऊ देणाऱ्या समाजाने घडवलेलं आहे.

हा भरवसा डळमळला की काय होतं, तेही याच पट्ट्यात दिसलं. २०२३च्या मे-जूनमध्ये उष्णतेच्या लाटेत उत्तर व्हिएतनामच्या धरणांतलं पाणी तळाला गेलं, जलविद्युत बसली, आणि बाक निन्ह, बाक ज्यांगमधल्या कारखान्यांची वीज वारंवार जाऊ लागली. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १.४ अब्ज डॉलरचा बांधला. मजुरी तीच होती, करही तेच होते, तरी परदेशी उद्योजकांच्या संघटना जाहीरपणे तक्रार करू लागल्या. दक्षिणेत आणि मध्य भागात वीज होती, उत्तरेत आणायला वाहिनी नव्हती. सरकारने मध्य भागातल्या क्वांग त्राचपासून उत्तरेतल्या फो नोईपर्यंत ५०० किलोव्होल्टची ५१९ किलोमीटर लांबीची वाहिनी हाती घेतली आणि ऑगस्ट २०२४च्या अखेरीस ती सुरू झाली. सुमारे एक वर्ष. संकट टळलं नाही ही चूक होतीच, पण कंपन्यांनी पाहिलं ते हे, की इथे चूक झाली तर ती दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो.

यावर लगेच आक्षेप येतो : एकच पक्ष, विरोध करायला कुणी नाही, जमीन सरकारची, स्वतंत्र कामगार संघटना नाहीत, अशा देशात वर्षभरात वाहिनी उभी राहणारच. लोकशाहीला हे परवडणार नाही. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण निष्कर्ष निघत नाही. लाओसमध्येही एकच पक्ष आहे. त्यानेही १९८६ सालीच आर्थिक सुधारणा सुरू केल्या आणि १९८८मध्ये परकीय गुंतवणुकीचा कायदा केला. तिथे मोठी गुंतवणूक आली ती मुख्यतः धरणं आणि खाणींत. समुद्र नाही, लोकसंख्या थोडी, ही कारणं आहेतच. म्हणजेच एकपक्षीय सत्ता हे पुरेसं कारण ठरत नाही. दुसऱ्या बाजूला कोस्टा रिकाने १९४८ साली लष्करच मोडीत काढलं, निवडणुका नियमित होत राहिल्या, आणि इंटेलने १९९०च्या दशकात चिपचा कारखाना तिथे नेला. २०१४मध्ये इंटेलने तिथलं जुळणीचं काम बंद करून आशियात हलवलं, तरी तोवर आलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या तिथे टिकल्या आणि वाढल्या. लोकशाही आयर्लंडची कहाणी तर सर्वश्रुत आहे. गुंतवणूकदाराला नागरिकांचं तोंड बंद असलेलं लागतं असं नाही. त्याला सरकारचा शब्द बदलणार नाही एवढं हवं असतं, आणि खुली न्यायालयं तो शब्द कुठल्याही पक्षापेक्षा जास्त काळ सांभाळू शकतात. व्हिएतनाममध्ये न्यायालयाचं हे बळ नाही, ही त्याची उणीव आहे.

त्या उणिवेची किंमत कोण मोजतं, हे हा तिन्हच्या किनाऱ्यावर दिसलं. एप्रिल २०१६मध्ये फोर्मोसा या तैवानी कंपनीच्या पोलाद प्रकल्पाच्या सांडपाण्याने मध्य व्हिएतनामच्या चार प्रांतांतले मासे मेले, कोळ्यांची रोजीरोटी गेली. लोक रस्त्यावर आले, आणि जूनअखेर कंपनीने जबाबदारी मान्य करून ५० कोटी डॉलर भरपाई कबूल केली. आंदोलनाबद्दल लिहिणाऱ्या काहींना पुढे तुरुंगात जावं लागलं. भांडवलाला दिलेला भरवसा माणसांना दिलेल्या भरवशापेक्षा मोठा झाला, तर त्याला आकर्षण म्हणू नये. महाराष्ट्राला याचं उलटं टोक माहीत आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार महागडा होता, यावर टीका रास्त होती. १९९५मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ साली वीज सुरू झाली आणि २००१मध्ये प्रकल्प बंद पडला. तो करार सही होण्याआधी सगळ्यांसमोर कसून तपासला गेला असता, तर नंतर मोडायची वेळ आली नसती. पाळण्याजोगा करार करणं हीसुद्धा भरवशाचीच बाजू आहे.

बाक निन्हहून समुद्राकडे निघालं, की दक्षिणेला उतरून हनोई–हाय फाँग द्रुतगती मार्ग पकडावा. १०५ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०१५मध्ये पूर्ण खुला झाला. दोन्हीकडे पुन्हा भातशेती, हाय झुआंगच्या भागात लिचीच्या बागा. हाय फाँगचं जुनं बंदर काम नदीवर, फ्रेंचांनी वाढवलेलं. मे १९७२मध्ये अमेरिकेने त्याच्या तोंडाशी सुरुंग पेरून ते बंद केलं होतं. युद्धानंतरची अडचण गाळाची होती. नदीतून मोठी जहाजं येऊ शकत नसत, त्यामुळे अमेरिकेला जायचा माल आधी लहान जहाजाने सिंगापूर किंवा हाँगकाँगला जायचा आणि तिथे मोठ्या जहाजावर चढायचा. प्रत्येक कंटेनरमागे काही दिवस आणि काही डॉलर वाढायचे. फोनला याची फिकीर नव्हती, पण धुलाई यंत्रं, टीव्ही, छपाई यंत्रं बनवणाऱ्यांना होती. यावर उपाय म्हणून समुद्रात पुढे, कात हाय बेटाच्या टोकाला, लाक हुयेन हे खोल पाण्याचं बंदर बांधलं गेलं. जपानच्या कर्जातून साडेपाच किलोमीटरचा सागरी पूल २०१७ साली झाला, पहिला धक्का मे २०१८मध्ये सुरू झाला. आता इथून जहाज थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागतं. वाटेत एलजीचे कारखाने लागतात, आणि पूल उतरल्यावर बेटावर विनफास्ट या देशी मोटार कंपनीचा प्रचंड कारखाना.

बंदराच्या दाराशी ट्रक फार खोळंबत नाहीत, कारण कागद त्यांच्या आधी पोचलेले असतात. २०१४पासून सीमाशुल्काची घोषणा जपानी पद्धतीवर बेतलेल्या संगणकीय व्यवस्थेतून होते. माहिती भरली की यंत्रणा जोखीम पाहून माल तीनपैकी एका वाटेला लावते : हिरवी म्हणजे जाऊ द्या, पिवळी म्हणजे कागद तपासा, लाल म्हणजे कंटेनर उघडा. नियम पाळल्याची नोंद असलेल्या कंपनीचा बराचसा माल हिरव्या वाटेने जातो. लाचलुचपत संपलेली नाही, गेल्या दहा वर्षांत तिथल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत मंत्री, अगदी राष्ट्राध्यक्षसुद्धा पदावरून गेले. पण माल किती वाजता सुटेल याचं उत्तर साहेबाच्या मर्जीवर जितकं कमी अवलंबून, तितकं अंदाज बांधणं सोपं.

राहिला सर्वांत जड आक्षेप : हे सगळं परक्यांचं, व्हिएतनामच्या हाती काय लागतं? निर्यातीतला ७० टक्क्यांहून जास्त वाटा परकीय कंपन्यांचा आहे. सॅमसंगला थेट माल पुरवणारे व्हिएतनामी पुरवठादार २०१४ साली अवघे चार होते. नंतर ते काही डझनांवर गेले, तरी महत्त्वाचे भाग अजून कोरियन कंपन्याच बनवतात किंवा ते बाहेरून येतात. इथे पुण्याजवळच्या चाकणशी तुलना करायला खरंच जागा आहे. टेल्को आणि बजाजच्या अवतीभवती पिंपरी-चिंचवड-भोसरीत लघुउद्योजकांची जी पिढी तयार झाली, तिच्यामुळे नंतर आलेल्या परदेशी मोटार कंपन्यांना सुटे भाग शेजारीच मिळाले. बाक निन्हला हा वारसा नाही. चाकणला मात्र तळेगावच्या रस्त्यावर तासन्‌तास अडकणारे ट्रक आहेत, जे बाक निन्हने टाळले.

देशी पुरवठादारांचा हा प्रश्न आता व्हिएतनामसाठी तातडीचा झाला आहे. जागतिक किमान कर १५ टक्के झाल्यावर, २०२४पासून, करसवलतीचा बराच भाग मोठ्या कंपन्यांसाठी निरर्थक ठरला. तरी त्या वर्षी प्रत्यक्ष उतरलेली परकीय गुंतवणूक २५ अब्ज डॉलर ओलांडून गेली. पण एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने ४६ टक्के आयातशुल्काची घोषणा केली. वाटाघाटींनंतर त्याच वर्षी ते २० टक्क्यांवर आलं, मात्र दुसऱ्या देशाचा माल व्हिएतनाममार्गे पाठवला असं आढळलं तर ४० टक्के, असं तेव्हा ठरलं. म्हणजे वस्तू कुठे जुळवली यापेक्षा तिच्यातलं काय कुठे बनलं, याला महत्त्व आलं. लांग सोनच्या रस्त्याने येणारे सुटे भाग आजवर बाक निन्हचं बळ होते, आता तेच तपासणीचा विषय ठरू शकतात. येन फाँगमध्येच ऑक्टोबर २०२३ला अमेरिकन कंपनी ॲम्कोरचा चिप जुळणी आणि चाचणीचा कारखाना सुरू झाला, आणि २०३०पर्यंत अर्धवाहक क्षेत्रासाठी ५०,००० अभियंते तयार करण्याचं उद्दिष्ट सरकारने ठरवलं आहे. रस्ते, वीज आणि बंदर चाळीस वर्षांत पैसा आणि चिकाटी लावून उभं राहिलं. देशी पुरवठादारांची फळी त्याच वेगाने उभी राहील का, यावर येन फाँगमधला पुढचा कारखाना कुणाचा असेल हे ठरेल.